गाठ लहान होती, मग कॅन्सर पसरला कसा? माझ्या मामांच्या लिव्हर कॅन्सरची पूर्ण केस

ही केस माझ्या मोठ्या मामांची आहे. त्यांना विचारून लिहितेय. नाव आणि हॉस्पिटल लिहिणार नाही, पण रिपोर्टमधले आकडे फाईल समोर ठेवून लिहिलेत. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलंय आणि पुण्यातच एका लॅबमध्ये काम करते, त्यामुळे नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की त्याचा फोटो आधी माझ्या फोनवर येतो.

लिहायचं कारण एकच. मामांची गाठ ४ सेंटीमीटरच्या आत होती, पूर्ण काढली, कडा स्वच्छ निघाल्या, आणि तरी नऊ महिन्यांनी कॅन्सर फुफ्फुसात दिसला. घरात याचं उत्तर लगेच ठरून गेलं की "चाकू लागला म्हणून पसरला, ऑपरेशन करायलाच नको होतं". मामांच्या मुलाने ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली होती, तो त्या सहीचं ओझं आजही वागवतोय. माझं म्हणणं असं की पसरायची तयारी त्या गाठीच्या आत आधीपासून होती, आणि त्या तयारीत काही प्रोटीन्सचा हात असतो, त्यातल्या एकाबद्दल इथे सविस्तर लिहिते.

आधी केस

मामा ६१ वर्षांचे, भोसरीतल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले, राहायला धनकवडीत. माळकरी माणूस, दारूला कधी हात लावला नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण लिव्हरचा कॅन्सर म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या लोकांनी पहिला प्रश्न काय विचारला तर "घेत होते का?". मामीला ते फार लागलं. पालखी पुण्यात मुक्कामाला आली की दरवर्षी भवानी पेठेत जाऊन वारकऱ्यांना जेवण वाढणारा माणूस, आणि लोक असं बोलतात. तर लिव्हरचा कॅन्सर दारूशिवायही होतो, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, फॅटी लिव्हर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात तयार होणारं अफ्लाटॉक्सिन, ही सगळी कारणं आहेत. मामांच्या बाबतीत हिपॅटायटिस बी निघालं, आणि तेसुद्धा मोतीबिंदूमुळे कळलं! डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात त्यात एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी शरीरात आहे का हे सांगणारी टेस्ट, पॉझिटिव्ह आलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवून फिजिशियनकडे पाठवलं, त्यांनी सोनोग्राफी करायला लावली आणि उजव्या बाजूला गाठ दिसली.

नंतर खोदून विचारलं तर कळलं की बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीत रक्तदान शिबिर झालं होतं आणि त्यानंतर रक्तपेढीकडून "येऊन भेटा" असं पत्र आलं होतं. मामांना तेव्हा काहीच त्रास नव्हता, शिफ्ट चालू होत्या, पत्र कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये गेलं. तेव्हाच गेले असते तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरू झाली असती, गरज पडली तर गोळीही. असो.

सीटी ट्रिपल फेजचा केला. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लिव्हरला रक्त दोन बाजूंनी येतं, साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून म्हणजे आतड्याकडून, आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. लिव्हरच्या कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर वाढते, म्हणून डाय दिल्यावर पहिल्या फेजमध्ये ती उजळते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा फिकी पडते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हे चित्र स्पष्ट दिसलं तर बायोप्सी न करताही निदान करता येतं. मामांची बायोप्सी केलीच नाही. "सुई लावली की पसरतो" ही भीती लिव्हरच्या बाबतीत अगदीच खोटी नाहीये, सुईच्या मार्गावर पेशी रुजायचं प्रमाण एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात २.७ टक्के आलं होतं, म्हणूनच गरज नसेल तर टाळतात. म्हणजे जे लोक म्हणतात की बायोप्सी केली आणि बिघडलं, ते मामांना लागूच होत नाही.

गाठ एकच, ३.८ सेंटीमीटर, सहाव्या सेगमेंटमध्ये. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या. लिव्हरचं काम चांगलं, चाइल्ड-पू ए, म्हणजे लिव्हर किती काम करतंय याच्या श्रेणीतली सगळ्यात चांगली पायरी. एएफपी हा लिव्हर कॅन्सरचा रक्तातला मार्कर २२, म्हणजे जेमतेम वाढलेला. पण पिवका-टू हा दुसरा मार्कर ६४०, नॉर्मल ४० च्या आत. घरात सगळे एएफपी बघून खूश, "मार्कर तर नॉर्मलच आहे की!" एएफपी बऱ्याच पेशंटमध्ये वाढतच नाही. आणि पिवका म्हणजे लिव्हरने नीट न बनवलेलं प्रोथ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रोटीन, ते इतकं वाढलेलं असलं की गाठीच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्या असण्याची शक्यता जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. रक्त पातळ करायची वॉर्फरिन ही गोळी घेणाऱ्यांतही ते वाढतं, पण मामा ती घेत नव्हते.

ऑपरेशन उत्तम झालं. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट दोन पानी होता. मार्जिन फ्री, म्हणजे कापलेल्या कडांना कॅन्सर नाही. हे वाचून घरात पेढे आले. त्याच पानावर खाली एक ओळ होती, मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन प्रेझेंट. म्हणजे सीटीवर न दिसणाऱ्या बारीक शिरांमध्ये कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली सापडल्या. सर्जननी ही ओळ मामांच्या मुलाला समजावून सांगितली होती, पण आनंदाच्या दिवशी माणूस जेवढं ऐकायचं तेवढंच ऐकतो. या सगळ्या फाईलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ कुठली असं मला विचारलं तर मी हीच दाखवीन.

ऑपरेशननंतर औषध का दिलं नाही असंही नंतर घरात बोललं गेलं. तर यात कुणाची हयगय नाही. सोराफेनिब ही लिव्हर कॅन्सरची गोळी ऑपरेशननंतर देऊन पाहिली होती, २०१५ मध्ये आलेल्या स्टॉर्म ट्रायलमध्ये काहीच फायदा दिसला नाही. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही दोन औषधांची जोडी ऑपरेशननंतर दिली तर कॅन्सर उशिरा परततो असं २०२३ मध्ये छापून आलं, पण पुढच्या फॉलोअपमध्ये तो फायदा टिकला नाही. त्यामुळे हिपॅटायटिससाठी टेनोफोविर ही व्हायरस दाबणारी गोळी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, एवढंच ठरलं आणि तेच योग्य होतं. लिव्हरचा काही भाग काढल्यानंतर पाच वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं, हे आम्हाला आधी सांगितलंही होतं.

नऊ महिन्यांनी एएफपी ३१०. छातीच्या सीटीत दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी. लिव्हर मात्र स्वच्छ.

चाकूचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशनमध्ये गाठ हाताळताना काही पेशी रक्तात सुटू शकतात का? शकतात. सर्जनना हे माहीत असतं, म्हणून जमेल तिथे ते गाठीकडच्या रक्तवाहिन्या आधी बांधतात. पण पेशी रक्तात सुटणं आणि दुसऱ्या अवयवात जाऊन तिथे वाढणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांत कॅन्सरच्या पेशी रेडिओअ‍ॅक्टिव्ह खूण करून रक्तात सोडल्या आणि मोजत बसले, २४ तासांनी ०.१ टक्क्यापेक्षाही कमी जिवंत होत्या आणि त्यातल्याही अगदी मोजक्यांच्याच पुढे गाठी झाल्या. म्हणजे सुटलेल्या बहुतेक पेशी मरतात. रक्ताचा दाब, इम्युनिटी, आणि कशालाही चिकटलेलं नसणं, या तिन्हीतून तगून निघणं सोपं नसतं. ज्या तगतात त्यांच्याकडे काहीतरी वेगळं असतं. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जननी १८८९ मध्येच म्हटलं होतं की बी सगळीकडे पडतं पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच, शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माझ्या मामांना हे एका वाक्यात पटलं.

मग ते "काहीतरी वेगळं" पेशीत कधी येतं? गाठ मोठी झाल्यावर, शेवटी शेवटी? की आधीपासून असतं? लिव्हर कॅन्सरच्या बाबतीत याचं फार चांगलं उत्तर २००३ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये छापून आलं. शांघायची लिव्हर कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांचं एकत्र काम. त्यांनी हिपॅटायटिस बी असलेल्याच पेशंटच्या गाठी घेतल्या, म्हणजे अगदी मामांसारखे पेशंट, आणि हजारो जीन्सपैकी कुठले चालू आहेत कुठले बंद हे तपासलं. अपेक्षा अशी होती की मूळ गाठ आणि तिच्यापासून पसरलेली गाठ यांत मोठा फरक दिसेल. तो दिसलाच नाही! पसरलेल्या गाठीतल्या जीन्सचं चित्र आणि तिच्या मूळ गाठीचं चित्र जवळजवळ सारखं. फरक कुठे होता, तर पसरणारी मूळ गाठ आणि न पसरणारी मूळ गाठ यांच्यात. आणि तो गाठीच्या साइजवर किंवा पेशंटच्या वयावर अवलंबून नव्हता.

मामांच्या मुलाला मी हा पेपर वाक्य वाक्य वाचून दाखवला, तळजाईला चालायला गेलो होतो तेव्हा. लहान गाठ म्हणजे गरीब गाठ असं नसतं. पसरायची क्षमता मूळ गाठीतच तयार झालेली असू शकते, ३.८ सेंटीमीटरच्याही. आणि मामांच्या रिपोर्टमध्ये मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन दिसलं ते काढून बाहेर आणलेल्या तुकड्यातच ना? म्हणजे गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांत आधीच शिरल्या होत्या. फुफ्फुसच का, याचं उत्तर शरीररचनेतच आहे, लिव्हरमधून निघालेली शिर मोठ्या शिरेत जाते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून सरळ फुफ्फुसात, वाटेतली पहिली बारीक जाळी तीच. लिव्हर कॅन्सर लिव्हरबाहेर गेला तर सगळ्यात जास्त वेळा फुफ्फुसातच सापडतो.

ऑस्टिओपॉन्टिन

त्या २००३ च्या कामात पसरणाऱ्या गाठींमध्ये जे जीन्स जोरात चालू होते त्यांत सगळ्यात पुढे एक नाव होतं, ऑस्टिओपॉन्टिन. एमएस्सीला असताना हे नाव मी पुण्यातच पहिल्यांदा ऐकलं होतं, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आहे तिथल्या एका टॉकमध्ये. एनसीसीएसमध्ये ब्रेस्ट कॅन्सर आणि मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या संदर्भात या प्रोटीनवर वर्षानुवर्षं काम झालंय, त्यामुळे पुण्यात बायो करणाऱ्या बऱ्याच पोरांना ते नाव माहीत असतं. घरातल्या पेशंटच्या निमित्ताने ते पुन्हा समोर येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

हे प्रोटीन मुळात वाईट नाही हे आधी सांगते. आपल्या हाडांत ते असतं, किडनीत असतं, जखम भरताना कामाला येतं, आईच्या दुधात भरपूर असतं. ते बनवायची कृती चौथ्या क्रोमोसोमवरच्या एसपीपी१ या जीनमध्ये आहे. पेशी ते बनवून बाहेर सोडते. निरोगी लिव्हरच्या मुख्य पेशी ते फारसं बनवत नाहीत. गाठीतल्या पेशी खूप बनवायला लागल्या की काय होतं ते पुढे.

ऑस्टिओपॉन्टिनच्या साखळीत तीन अमिनो अ‍ॅसिडचा एक छोटा तुकडा आहे, आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रोटीन्स असतात ती हा तुकडा ओळखून धरतात. सीडी४४ नावाचं पेशीवरचं दुसरं एक रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रोटीन, तेही ऑस्टिओपॉन्टिनला प्रतिसाद देतं. एकदा धरलं की पेशीच्या आत निरोप जातो, एकेटी आणि एनएफ-कप्पा-बी हे त्यातले मुख्य मार्ग, आणि त्या निरोपाचा परिणाम असा की पेशी मरायला तयार होत नाही, हालचाल वाढते, आणि आजूबाजूचं जाळं कापणारी एन्झाइम्स बाहेर पडतात, युरोकायनेज, एमएमपी-२, एमएमपी-९ वगैरे. जाळं कापलं की रक्तवाहिनीपर्यंत वाट होते. म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन ही जी एक ओळ रिपोर्टमध्ये असते ती घडण्यामागे अशी सगळी कामं एकामागून एक झालेली असतात. रक्तात गेलेली पेशी बऱ्याचदा मरते ती कशालाच चिकटलेली नसल्यामुळे, आणि इथे तर तिला जगायचा निरोप स्वतःच सोडलेल्या प्रोटीनमधून मिळत राहतो.

त्यात आणखी एक भर आहे. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन ऑस्टिओपॉन्टिनला बरोबर त्या तीन अमिनो अ‍ॅसिडच्या शेजारी कापतं, आणि कापल्यावर आत लपलेली आणखी एक जागा उघडी होते जी वेगळ्या इंटिग्रिनला धरते. एमएमपी-९ सुद्धा त्याला कापतं आणि त्यातला एक तुकडा लिव्हर कॅन्सरच्या पेशींची घुसखोरी वाढवतो असं प्रयोगात दिसलंय. म्हणजे ऑस्टिओपॉन्टिनमुळे एमएमपी-९ सुटतं आणि एमएमपी-९ ऑस्टिओपॉन्टिनला कापून आणखी घातक तुकडा बनवतं, हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत राहतं. मला ही गोष्ट वाचून खरंच घाबरायला झालं होतं.

आणि हे फक्त कॅन्सरच्या पेशींपुरतं नाही. मॅक्रोफेज म्हणजे आपल्याच इम्युनिटीच्या पेशी, त्याही ऑस्टिओपॉन्टिनच्या मागे गाठीत येतात. २०१९ मध्ये 'गट' (Gut) या मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या कामात असं दाखवलं की ऑस्टिओपॉन्टिन मॅक्रोफेजवर सीएसएफ१ नावाच्या निरोप्यामार्फत काम करतं आणि गाठीत पीडी-एल१ वाढतं, पीडी-एल१ म्हणजे जे टी-सेल्सना, म्हणजे कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या इम्युनिटीच्या पेशींना, "थांबा" सांगतं ते. अलीकडे एकेक पेशी वेगळी वाचायचं तंत्र आलंय त्यातूनही लिव्हरच्या गाठीभोवती एसपीपी१ जोरात चालू असलेले मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट (आजूबाजूचं जाळं विणणाऱ्या पेशी) मिळून एक कुंपण करतात आणि जिथे ते असतं तिथे इम्युनोथेरपीचा असर कमी दिसतो असं समोर आलंय.

पुरावा कितपत पक्का? २००३ च्या त्याच कामात ऑस्टिओपॉन्टिनला अडवणारी अँटिबॉडी वापरली तेव्हा डिशमध्ये लिव्हर कॅन्सरच्या पेशींची घुसखोरी थांबली आणि उंदरांत फुफ्फुसात होणाऱ्या गाठी कमी झाल्या. नुसतं सोबत वाढलेलं दिसणं वेगळं आणि अडवल्यावर पसरणं कमी होणं वेगळं. एएफपी वाढलं की आपण घाबरतो, पण तो आकडा बघून कॅन्सर तिथे आहे एवढं कळतं, कोण त्याला पुढे ढकलतंय ते नाही कळत. ऑस्टिओपॉन्टिन ढकलणाऱ्यांपैकी आहे असं म्हणायला आधार आहे. एकटंच आहे असं नाही. मेट हे आणखी एक, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, अशी बरीच आहेत. आणि मामांच्या गाठीत ऑस्टिओपॉन्टिन किती होतं हे कुणी मोजलेलं नाही, रोजच्या तपासणीत ते मोजतच नाहीत. तेव्हा मामांच्या बाबतीत हेच घडलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मात्र हिपॅटायटिस बी, लहान गाठ, बारीक शिरांत शिरकाव आणि मग फुफ्फुस, हा क्रम या अभ्यासांत जे दिसतं त्याच्याशी पूर्ण जुळतो.

मामीने वरण बंद केलं

याची मला कल्पनाच नव्हती. मी फॅमिली ग्रुपवर मामांच्या मुलासाठी थोडक्यात लिहिलं होतं की एका प्रोटीनमुळे लिव्हरचा कॅन्सर पसरतो. कुणीतरी ते पुढे पाठवलं, त्यात आणखी कुणाचातरी मेसेज मिसळला, आणि पुढच्या रविवारी धनकवडीला गेले तर मामांच्या ताटात फोडणीचा भात आणि लोणचं. वरण नाही, उसळ नाही, दही नाही. दूध बंद, पनीर बंद. मामी म्हणाली, "अगं तूच लिहिलंस ना, प्रोटीनने पसरतो म्हणून. मग कशाला देऊ?"

मामा तोवर अशक्त दिसायला लागले होते, वजन ५८ वर आलं होतं. लिव्हरच्या आणि कॅन्सरच्या पेशंटला तर प्रोटीन उलट जास्त लागतं, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे मामांना ७० ते ८७ ग्रॅम. वरणातलं, मटकीतलं, दह्यातलं प्रोटीन पोटात गेलं की त्याचे तुकडे होऊन अमिनो अ‍ॅसिड्स होतात आणि शरीर त्यातून स्वतःला हवं ते बनवतं, स्नायू, रक्तातलं अल्ब्युमिन, सगळं. गाठीतलं ऑस्टिओपॉन्टिन जेवणातून येत नाही, ते कॅन्सरची पेशी स्वतः बनवते, आणि तुम्ही उपाशी राहिलात तर ती बनवायचं थांबत नाही, ती तुमचे स्नायू विरघळून आलेलं वापरते. मी मामीला म्हटलं, मामी, तू वरण बंद केल्याने गाठीचं काही कमी होणार नाही, मामांचे दंड तेवढे बारीक होतील. दुधाबद्दलही विचारलं तिने, कारण मघाशी लिहिलं तसं दुधातही ऑस्टिओपॉन्टिन असतं हे मीच कधीतरी बोलले होते. गाईच्या दुधात ते थोडं असतं, पण दूध प्यायल्याने लिव्हरचा कॅन्सर पसरतो असं कुठल्याही डॉक्टरांनी किंवा अभ्यासाने आम्हाला सांगितलेलं नाही, आणि आहारतज्ज्ञांनी तर दूध चालू ठेवायलाच सांगितलं. त्याच संध्याकाळी मुगाचं वरण झालं. हल्ली मामी त्यांना रात्री झोपताना दूध आणि सोबत राजगिऱ्याचा लाडू देते, रात्रभर पोट रिकामं राहू नये म्हणून, हे आहारतज्ज्ञांनीच सांगितलंय.

मग अँटिबॉडी का देत नाहीत

हा मामांचा प्रश्न. उंदरात जमलं तर माणसात का नाही? रास्त प्रश्न आहे. एक तर ऑस्टिओपॉन्टिन शरीरात भरपूर आणि सतत बनत असतं, अँटिबॉडीने जेवढं पकडाल तेवढं नवीन येतं. दुसरं, ते चांगल्या कामांतही आहे. तिसरं, त्याची रूपं अनेक, अख्खं, थ्रॉम्बिनने कापलेलं, एमएमपीने कापलेलं. संधिवाताच्या पेशंटमध्ये ऑस्टिओपॉन्टिनविरुद्धची एक अँटिबॉडी वापरून पाहिली होती, ती सहन झाली पण आजारात फायदा दिसला नाही. प्रोटीन सापडलं म्हणजे औषध सापडलं असं होत नाही, मेटच्या बाबतीतही तेच, मेट अडवणारं टिव्हँटिनिब हे औषध मोठ्या ट्रायलमध्ये फेल गेलं आणि मेटसकट अनेक गोष्टी अडवणारं कॅबोझँटिनिब २०१८ मध्ये यशस्वी ठरलं, तेही निम्मे पेशंट जिथवर जगले तो काळ ८ महिन्यांवरून १०.२ महिने, एवढ्याच फरकाने.

मामांना मिळालं ते अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. पहिलं औषध पीडी-एल१ अडवतं, दुसरं व्हीईजीएफ, म्हणजे ज्यांना अडवतात ती दोन्ही प्रोटीनच. २०२० मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये सोराफेनिबपेक्षा ही जोडी चांगली ठरली, पुढच्या फॉलोअपमध्ये त्याच मापाने १९.२ महिने विरुद्ध १३.४. सुरू करायच्या आधी एंडोस्कोपी केली, कारण अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. मामांना तशा नव्हत्या. प्रत्येक डोसआधी बीपी आणि लघवी तपासतात, आणि एकदा लघवीत प्रोटीन आलं तेव्हा मामीने मला फोन करून आशेने विचारलं, "ते पसरवणारं प्रोटीन बाहेर पडतंय का गं?" नाही, ते मुख्यतः अल्ब्युमिन असतं, बेव्हासिझुमॅबचा किडनीवर होणारा परिणाम. एक डोस पुढे ढकलला, मग कमी झालं.

खर्चाबद्दल एवढंच सांगते की मेडिक्लेमची लिमिट लवकर संपते, औषध सुरू करायच्या आधीच कंपनीची पेशंट असिस्टन्स स्कीम आणि सरकारी योजना दोन्हींची चौकशी हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडे करा. आम्हाला ते दुसऱ्या डोसनंतर कळलं.

बाकीचं घर

मामांचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना एचबीएसएजी करायला सांगितलं. धाकटे मामा पॉझिटिव्ह निघाले. माझी आई निगेटिव्ह, पण तिचं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, म्हणजे कधीतरी होऊन गेलं आणि शरीराने दाबलं. भावंडांत असं दिसलं की लहानपणी घरातूनच, बहुधा त्यांच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, आलं असावं असं डॉक्टर म्हणाले. हिपॅटायटिस बी असेल तर सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन खराब होणं, न होताही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून धाकट्या मामांना काहीच त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी सुरू केलं. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण, जास्त होता, टेनोफोविर चालू झालं. २८ जुलै २०१८ ला सरकारचा नॅशनल व्हायरल हिपॅटायटिस कंट्रोल प्रोग्राम सुरू झालाय, त्यात तपासणी आणि औषध फुकट मिळतं, त्यांचं तिथूनच चालू आहे.

मामांच्या नातीला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस दिली होती, मी कार्ड काढून बघितलं. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या मुलांमधलं लिव्हर कॅन्सरचं प्रमाण लाखात ०.७० वरून ०.३६ वर आलं. गाठ झाल्यावर प्रोटीनच्या मागे धावण्यापेक्षा व्हायरसच येऊ न देणं किती सोपं आहे, हे मला धाकट्या मामांच्या गोळीकडे बघून सारखं वाटतं.

मामांचा मुलगा आता सहीबद्दल बोलत नाही. त्याने पॅथॉलॉजी लॅबमधून मामांच्या गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स मागवून नीट ठेवल्यात, पुढे एखाद्या ट्रायलसाठी किंवा वेगळ्या तपासणीसाठी लागले तर असावेत म्हणून. ते आमच्या डॉक्टरांनीच सुचवलं, आणि ज्यांच्या घरी ऑपरेशन झालंय त्यांनीही हे विचारावं.

शेवटच्या सीटीत फुफ्फुसातल्या दोन गाठी लहान झाल्यात, बाकीच्या तशाच आहेत, नवीन नाही. एएफपी ३१० वरून ६४. वजन ६१. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून राहिलंय, बेव्हासिझुमॅब चालू असताना कधी करायचं यावर डोळ्याचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलतायत.